डेलियाचा अर्ज

ट्रस्टचा संपादक साकेत याने पाठवलेली शेवटची प्रुफं उघडली आणि ऋजुताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सातवं प्रकरण गायब होतं. तिने कोट चढवला आणि भर पावसात ग्लासगोमधलं ट्रस्टचं ऑफिस गाठलं.

त्या ट्रस्टसाठी दोन वर्षं ती जज्ज डंकन बेअर्डचं चरित्र लिहीत होती. इथल्याच एका विणकराचा हा मुलगा दोनेकशे वर्षांपूर्वी अमेरिकेत गेला आणि तिथल्या एका राज्याच्या विधिमंडळावर निवडून आला. गुलामांना कोर्टात स्वातंत्र्य मागता यावं, हा कायदा त्यानेच भांडून मंजूर करून घेतला. पुढे जज्ज झाल्यावर त्याच कायद्याने त्याने एकोणीस माणसं सोडवली. ट्रस्टला एवढाच बेअर्ड हवा होता.

सातव्या प्रकरणात डेलिया होती, जज्जाच्या मेव्हण्याकडची गुलाम स्वयंपाकीण. तिनेही स्वातंत्र्यासाठी अर्ज केला होता. बेअर्डने तो फेटाळला नाही, नुसत्या तारखा दिल्या. सहा वर्षं! शेवटी ती वारली आणि त्याने शेरा मारला, 'अर्जदार गैरहजर, प्रकरण बंद.'

"साकेत, डेलिया कुठाय?"

"अगं, बस तरी आधी. ट्रस्टींना ते अनफेअर वाटतंय. त्याने तिच्याविरुद्ध निकाल दिलाच नव्हता ना."

"दिला नाही, हाच तर गुन्हा! का, तर बहिणीच्या घरचा स्वयंपाक अडला असता!"

"ओरडू नकोस, प्लीज. एकोणीस जणांना सोडवलं गं त्याने. एकीसाठी..."

"एकीसाठी काय? बोल ना पुढे."

साकेतने चष्मा पुसला. "नेक्स्ट एडिशनला बघू ना."

"तू पण तारीखच देतोयस?"

प्रुफांवर तिची सही व्हायची होती. तिने तो गठ्ठा त्याच्या टेबलावर आपटला. "सही मिळणार नाही. माझा एक शब्दही छापायचा नाही."

ट्रस्टने दुसरा लेखक गाठला. एप्रिलमध्ये सुबकसं पुस्तक निघालं, अर्थात डेलियाविना. दुकानात ते मांडलेलं दिसलं तेव्हा ऋजुताला काच फोडावीशी वाटली. त्याच दुपारी डेलियाच्या अर्जाच्या कोर्टातल्या कागदांच्या सगळ्या नकला घेऊन ती जुनी कागदपत्रं जपणाऱ्या एका आर्काइव्हमध्ये गेली.

"बेअर्डच्या फाइलला जोडू का?" तिथल्या बाईंनी विचारलं.

"नाही! हिची वेगळी फाइल काढा."

आवाज इतका चढला की वाचत बसलेल्या दोघांनी माना वर केल्या. ऋजुता सॉरी म्हणाली नाही.