पुढचे चार दात

मी लोहाराची पक्कड बोलतेय. दोन जबडे, एक खिळा, दोन दांडे. चावून धरायचं आणि उपटायचं, एवढंच मला येतं. काय उपटायचं ते हात ठरवतो. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही मलाच शिव्या घालाल.

फ्रान्सच्या मधोमध, लिमुझँच्या डोंगराळ मुलखात आमचं गाव. तिकडे पॅरिसमध्ये राजाचं मुंडकं उडालं आणि इकडे गावाने जमीनदाराच्या हवेलीचं फाटक फोडलं. जमीनदार पळाला होता. सापडला त्याचा कारभारी. त्याला फाटकाच्याच गजांनी मारलं. नंतर नंतर तो ओरडतही नव्हता, तरी मारत होते, कारण थांबायचं कुणी हेच ठरत नव्हतं. मार्सियाल लोहार सगळ्यांच्या पुढे. त्याने एक वाकलेला गज घरी आणला, धुतला, भट्टीत घातला आणि त्यातून मी निघाले.

"ही स्वातंत्र्याची लेक!" मला उंच धरून तो गिऱ्हाइकांना सांगायचा.

स्वातंत्र्याच्या लेकीने मग घोड्यांच्या खुरांतले खिळे उपटले आणि माणसांच्या दाढा. गावात दंतवैद्य नव्हता. लोहारच होता.

पुढे नेपोलियन आला. म्हणजे त्याचं चित्र आलं, फेरीवाल्याच्या पाठीवरून. तोफखान्यातला साधा अधिकारी, मग सेनापती, मग एकदम सम्राट. ज्यांनी राजाच्या मरणावर दारू प्यायली होती, तीच माणसं नव्या मुकुटासाठी टाळ्या पिटत होती. मार्सियालने ते चित्र भात्याच्या वर टांगलं. त्याने स्वतः लढाई कधी पाहिली नव्हती. बायकापोरांचा धनी, शिवाय सरकारी घोड्यांना नाल लागतात, म्हणून तो घरीच राहिला. पण पेला भरला की प्रत्येक लढाई तोच जिंकायचा.

त्या गोष्टी ऐकत त्याची दोन पोरं वाढली. थोरला पार्दू गाणी म्हणत पलटणीत गेला. स्पेनमधल्या एका खेड्यात लोकांनी त्याला कोठाराच्या दारावर खिळे ठोकून मारलं. का, तर आदल्या दिवशी याच्या पलटणीने ते खेडं जाळलं होतं. बातमी आली तेव्हा मार्सियाल म्हणाला, "सम्राटासाठी गेला," आणि पेला भरला. त्याची बायको लेओनार्द उठून भट्टीपाशी गेली. तिने भाता ओढला. बराच वेळ, भट्टीत काही नसताना.

मग धाकट्याची, ओरेलियाँची पाळी आली. आमच्याकडे विशीच्या पोरांनी पेटीत हात घालून आकडा काढायचा. मोठा आकडा आला तर घरी, लहान आला तर पलटणीत. आकडा कसाही असो, टोपीला रंगीत फिती लावून गावभर नाचायचं. ओरेलियाँचा आकडा लहान निघाला. तोही नाचला. घरी येऊन ओकला.

पण शिपायाला पुढचे दात लागतात. काडतुसाचा कागद दातांनीच फाडायचा असतो. दात नाहीत तर शिपाई नाही. त्या वर्षांत आमच्या भागात कुणी बोट तोडून घेत होतं, कुणी डोळ्यांत चुना घालत होतं. लेओनार्दने मला खिळ्यावरून काढलं. रविवारची सकाळ होती आणि मार्सियाल गुत्त्यात लढाई जिंकत होता.

"आई, एकदम ओढ. दया करत बसू नकोस."

"तोंड उघड. आणखी. जेवताना बरं उघडतोस!"

"दुखलं तर शिव्या देईन हं."

"दे. बापाला दे."

किडकी दाढ स्वतःहून सुटते. ते दात निरोगी होते, पांढरे, घट्ट. एक मधेच मोडला आणि मुळासाठी मला हिरडीत शिरावं लागलं. पोर ऐरणीला मिठी मारून गुरासारखं हंबरलं. आईने कपाळ दाबून धरलं होतं. माझे दांडे रक्ताने निसटत होते तरी तिने सोडलं नाही. चारही निघाले. ते तिने फडक्यात बांधून पोलक्यात ठेवले.

तपासणीला सगळं गाव जमलं. डॉक्टरने ओरेलियाँचं तोंड पाहिलं आणि म्हणाला, "निकामी." लेओनार्दने डोळे मिटले. झालं होतं. पोर वाचलं होतं.

तेवढ्यात मागून कुणीतरी फिदफिदलं, "लोहाराचं पोर घाबरट निघालं की रे!"

मार्सियाल उठला. "कोण घाबरट? घोड्याला नाल ठोकायला दात लागतात का? तोफांच्या घोड्यांना लोहार नको? याच्यासारखी नाल जिल्ह्यात कुणी ठोकून दाखवा!"

"बाबा, बसा खाली," ओरेलियाँ म्हणाला. सुजलेल्या तोंडातून शब्द नीट निघाले नाहीत.

"तू गप. घराण्याची अब्रू आहे."

डॉक्टर हसला. "खरंच की. तोफेला काही चावावं लागत नाही." आणि त्याने पोराला तोफखान्यात लिहून टाकलं. बाप ताठ मानेने घरी आला. पोराच्या पिशवीत मला त्यानेच घातलं.

जर्मनीतल्या सॅक्सनीच्या रणात पाऊस, चिखल आणि मेलेली घोडी. ओरेलियाँ एका घोड्याचा पाय मांडीवर घेऊन तुटकी नाल काढत होता. मी त्याच्या हातात. तोफेचा गोळा आला, घोड्याच्या पोटातून गेला आणि त्याच्याही. दोघांची आतडी एकाच चिखलात पडली, कुठलं कुणाचं ते कळेना. घोडा लवकर मेला. ओरेलियाँ नाही.

त्याचा सोबती सिल्वाँ तोफेची घोडी हाकायचा. मला त्याने उचललं. फौज पळत होती, खायला काही नव्हतं. तेव्हा त्याने माझ्याकडून दुसरं काम करून घेतलं. रणातल्या मेलेल्यांची तोंडं उघडायची आणि दात उपटायचे. थंडीने जबडे आवळलेले असले की आधी माझ्या दांड्याने फोडायचे. फ्रेंच, जर्मन, रशियन. आतून सगळे सारखे.

आईला पक्कड पोहोचवीन हे मरणाऱ्या ओरेलियाँला दिलेलं वचन मात्र त्याने पाळलं. लेओनार्दच्या चुलीपाशी बसून उकडलेले चेस्टनट खाताना त्याने सगळं सांगितलं.

"शहरातले दंतवैद्य पोत्याने घेतात, मावशी. श्रीमंतांच्या कवळ्या बनवतात. म्हाताऱ्यांचे नकोत, किडके असतात. पोरांचे हवेत." मग खाली बघत म्हणाला, "तुमच्या ओरेलियाँच्या तोंडाला मी हात लावला नाही. देवाशपथ."

त्या दिवशी तिने पोलक्यातलं फडकं चेस्टनटच्या झाडाखाली पुरलं. दोन पोरांची मिळून तेवढीच कबर.

सम्राट हरला, दूरच्या बेटावर मेला. गादीवर पुन्हा राजे आले होते, म्हणून मार्सियालने चित्र पिठाच्या पेटीमागे लपवलं. वर्षं गेली. त्याचे सगळे दात एकेक करून मीच उपटले आणि कबूल करते, सावकाश उपटले. मग त्याने लिमोझ शहरातून कवळी आणली. हाडाच्या पट्टीत बसवलेले खरे माणसाचे दात. पांढरे, घट्ट.

परवा सम्राटाची हाडं बेटावरून वाजतगाजत पॅरिसला आणली. लगेच चित्र पुन्हा भात्यावर चढलं. लोहारशाळेत ऊब होती, गावची तरणी पोरं जमली आणि सत्तरीचा मार्सियाल त्यांच्यासमोर बसला.

"दोन पोरं दिली मी! दोन! तुमच्या बापांनी काय दिलं?"

पोरांचे डोळे लकाकत होते. एक जण म्हणाला, "पुन्हा लढाई झाली तर मी पहिला, आजोबा."

लेओनार्द उठली. मला खिळ्यावरून काढलं आणि नवऱ्यासमोर उभी राहिली.

"अहो, तोंड उघडा."

"काय चाललंय तुझं? लोकांसमोर?"

"उघड म्हणते ना!" आयुष्यात पहिल्यांदा ती त्याच्याशी एकेरीत बोलली. त्याने खरंच उघडलं. तिने कवळी ओढून ऐरणीवर ठेवली.

"हे दात कुणाचे?"

मार्सियालचे ओठ आत गेले होते. "फो... फोफ..." असं काहीतरी आलं.

"हे मेलेल्या पोरांचे आहेत. रणात असल्याच पकडीने तोंडं फोडून काढलेले. यांच्याशिवाय याला सम्राटाचं नावसुद्धा घेता येत नाही. माझं पोर सुटलं होतं. याच्या अब्रूने नेलं." ती 'मी पहिला' म्हणणाऱ्या पोराकडे वळली. "ऐक आता. याच्या स्वतःच्या तोंडून ऐक गोष्ट."

म्हाताऱ्याने हात हलवले. थुंकी गळली. एक पोरगं हसलं आणि मधेच थांबलं. मग एकेक जण टोप्या घालून निघून गेला.

लेओनार्दने कवळीतले पुढचे चार दात माझ्याकडून उपटले. कुणाचे ते मला सांगता येणार नाही. मी इतके उपटले आहेत की ओळख राहिलेली नाही. तिने ते झाडाखाली, त्या चारांच्या शेजारी पुरले आणि उरलेली कवळी नवऱ्याच्या हातात दिली.

मी आता खिळ्यावर गंजतेय. चित्र अजून भात्यावर आहे, ते काढायचं धाडस अजून कुणाला झालेलं नाही. पोरांनो, मला वितळवून टाका, माझी हरकत नाही. पण उद्या कुणी म्हातारा लढाईच्या गोष्टी सांगायला बसला, तर आधी त्याला तोंड उघडायला लावा आणि दात कुणाचे आहेत ते बघा.