जंगल रुसतं का?

निकेश गुरुजींची स्वारी त्या दिवशी भलतीच खूश होती. सातवीच्या वर्गाला चेतनगुणोक्ती शिकवायची होती. पुस्तकातली उदाहरणं कुरखेड्यापलीकडच्या या पोरांच्या डोक्यावरून जातात, हा त्यांचा नेहमीचा अनुभव. आज मात्र गावानेच उदाहरण हातात आणून दिलं होतं.

झालं होतं असं. ऐन मोहफुलं वेचायच्या दिवसांत वाघाने बिरजूचा बैल डोंगराच्या वाटेवर मारला. गावचा पुजारी झिंगू याने रिवाजाप्रमाणे वाटेच्या तोंडाशी डहाळी आडवी टाकली. म्हणजे जंगल रुसलं. झिंगू पूजा करून डहाळी उचलेपर्यंत तिकडे कुणी पाऊल टाकायचं नाही, झाडाखाली मोहफुलं कुजली तरी बेहत्तर. हा रिवाज कुणी पाडला कोण जाणे, पण मारलेल्या जनावरापाशी वाघ किती रेंगाळतो ते त्याला पक्कं ठाऊक असावं. गुरुजींना त्यात नुसता अलंकार दिसला. शिकलेल्या माणसाला कधी कधी एवढंच दिसतं.

"सांगा बरं, जंगल खरंच रुसतं का?" त्यांनी वर्गाला विचारलं.

"रुसते गुरुजी," मंगली म्हणाली. ही झिंगूची नात, वर्गात सगळ्यांत हुशार. "आजा म्हणते ना."

"अगं, मुरडायला जंगलाला नाक कुठे आहे?"

वर्ग खो खो हसला. मंगलीही ओशाळून हसली. निर्जीव वस्तू माणसासारखी वागते अशी कल्पना केली की चेतनगुणोक्ती, असं गुरुजींनी फळ्यावर लिहिलं. "ही बोलायची तऱ्हा झाली. त्यात खरं काही नसतं," ते म्हणाले. जंगल निर्जीव कसं, हे कुणी विचारलं नाही. मंगलीने सगळं घोकलं आणि घरी नेलं.

घरी तिची आई वच्छला नुसती तळमळत होती. नवरा गेल्यापासून वर्षाचं तेल-मीठ, पोरीचे कपडे, सगळं त्या मोहफुलांवर चालायचं, आणि फुलं तिकडे हरणं खात होती. सासऱ्यापुढे बोलायची सोय नव्हती.

"माय, गुरुजी म्हणते, जंगल रुसत नाई," मंगलीने सांगितलं. "तो अलंकार हाय. खरा नसते."

"गुरुजी म्हणते असे?"

"फळ्यावर लिवलं त्याईनं."

एवढं कुणीतरी म्हणावं याचीच वच्छला वाट पाहत होती. त्यातून म्हणणारा शाळेचा मास्तर. दुसऱ्या दिवशी पहाटे सासरा उठायच्या आत टोपली घेऊन तिने डहाळी ओलांडली.

मोह वेचणारी बाई खाली वाकलेली असते. वाघाला ती माणूस वाटतच नाही. लोक पोचले तेव्हा टोपली अर्धी भरली होती.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या शकुबाईने गुरुजींना गाठून सांगितलं, "मंगलीनंच सांगतलं मायले. तुमचं नाव घेऊन." गुरुजींची पाचावर धारण बसली. आता गाव अंगावर येणार, असं धरून त्यांनी बदलीचा अर्जही मनात लिहून टाकला. पण कुणी आलं नाही. वाटेत भेटणारे पूर्वीसारखाच रामराम घालत होते, आणि तेच त्यांना सोसेना. शिव्या खाल्ल्या असत्या तर निदान झोप तरी लागली असती.

शेवटी झिंगूच शाळेत आला. म्हातारा उंबऱ्यातच बसला.

"पोरगी जेवत नाई, गुरुजी. बोलत नाई. मीच मायले मारलो, एवढंच म्हणते. मी लय समजावलो. माया नाई आयकत ते, तुमचा आयकते. तुमी सांगा तिले, तुया दोष नाई म्हणून."

गुरुजी त्याच्या मागोमाग गेले. वाटभर त्यांनी वाक्य घोकलं. दोष माझा आहे, मंगली, तुझा नाही. तुझ्या गावाचं खरं होतं, मीच मूर्ख. हे वाक्य बोलायचंच, मग गावाने काय वाटेल ते करो, असं त्यांनी पक्कं ठरवलं होतं, आणि ते मनापासून ठरवलं होतं.

मंगली ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. पुढ्यात भाताची ताटली होती. आजूबाजूला भाऊबंद बसलेले, बायका दारात उभ्या. गुरुजी तिच्यासमोर खाली बसले.

"मंगली, तुझा काही दोष नाही, बेटा."

तिने इतक्या दिवसांत पहिल्यांदा मान वर केली.

"मंग कोनं मारलं मायले?"

बिरजू बघत होता, शकुबाई बघत होती, झिंगू तर हात जोडूनच बसला होता. एकच शब्द बोलायचा होता. तो गुरुजींच्या जिभेपर्यंत आला. त्यांनी एकदा त्या सगळ्या तोंडांकडे पाहिलं आणि घसा साफ केला.

"वाघानं," ते म्हणाले.

मंगलीने मान हलवली. उत्तर कळलं की वर्गात हलवायची, तशीच. मग ती उठली आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजली. झिंगूने भाताची ताटली उचलली. गुरुजी उठले, आणि त्यांना कुणी बसा म्हटलं नाही.