वरचा खण, खालचा खण

मित्रांनो, कार्यालयाच्या जिन्याखाली उभे असलेले हे राखाडी पोलादी कपाट म्हणजे मी. माझा रंग उडाला आहे. आता माझ्यात झाडू आणि फडकी ठेवतात. पण एके काळी मोठमोठ्या माणसांचे भविष्य माझ्या पोटात होते.

एका लहानशा कारखान्यात पत्रा वाकवून मला घडवले. माझे खण बोटाने ओढले तरी सरकत. तिथून मी पंप बनवणाऱ्या एका कंपनीत दाखल झाले.

त्याच सुमारास तिथे मानसशास्त्राच्या एक बाई आल्या. कोणता अधिकारी पुढे मोठ्या पदावर जाईल, हे त्याच्या आजवरच्या आयुष्यावरून ओळखता येते का, याचा त्या अभ्यास करत होत्या. भावंडांत तुम्ही कितवे? शाळेत संघनायक होता का? पहिली कमाई कधी केली? शिक्षण मध्येच सुटले का? अशा प्रश्नांच्या उत्तरांना गुण मिळत. जास्त गुणांचे कागद माझ्या वरच्या खणात गेले, कमी गुणांचे खालच्या.

आणि बाईंचे अंदाज खरे ठरले. वरच्या खणातली माणसे भराभर पदे चढत गेली. कर्मचारी विभागाचे साहेब येईल त्या पाहुण्याला माझ्यासमोर आणून उभे करत. मी तर फुशारून गेले होते. जेवणाच्या सुट्टीत लोक एकमेकांना चिडवत, "काय रे, तू माडीवर की तळघरात?"

माल रवाना करणाऱ्या विभागाच्या उपव्यवस्थापक मात्र या थट्टेला हसत नसत. त्यांना सगळे ताई म्हणत. त्यांचा कागद खालच्या खणात होता. नवी शाखा निघाली की त्या अर्ज करत. दर वेळी साहेब वरचा खण उघडून नाव काढत. खालच्याला कोणी हातच लावत नसे. हळूहळू त्याची चाके गंजली.

काही वर्षांनी बाई आपले अंदाज तपासायला परत आल्या. साहेबांनी कौतुकाने चहा मागवला. प्रशिक्षणाला कोणाला पाठवले, असे बाईंनी सहज विचारले. वरच्या खणातल्यांना, साहेब म्हणाले. नव्या शाखा? त्याही त्यांनाच. बाईंचा कप हातातच राहिला.

"मग आपण भविष्य ओळखलं नाही, साहेब," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आपणच ते ठरवून टाकलं."

बाईंच्या आग्रहामुळे खालच्या खणातल्या काहींना संधी द्यायचे ठरले. तो खण उघडताना साहेबांना दोन्ही हातांनी जोर लावावा लागला. ताईंना बोलावणे गेले. आपले गुण कुठे कमी पडले, असे त्यांनी विचारले. बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितले, की शाळा मध्येच सुटली तिथे.

"आई अंथरुणाला खिळली होती. धाकट्या दोघांना मी वाढवलं," ताई म्हणाल्या. "ते कोणी विचारलंच नाही."

नव्या प्रश्नावलीत बाईंनी 'शिक्षण का सुटले?' हा प्रश्न स्वतःच्या हाताने लिहिला.

संधी मिळालेले सगळेच चमकले असे नाही. काहीजण आपल्या जुन्या कामावर परतले. ताईंनी मात्र नवी शाखा नावारूपाला आणली आणि निवृत्त होईपर्यंत सांभाळली.

मित्रांनो, आता हे काम संगणक करतो. तो माझ्यापेक्षा खूप हुशार आहे. माझ्या चाकांना तेल घाला, असा माझा हट्ट नाही. पण अमुक माणूस पुढे जाणार नाही असे त्याने सांगितले, तर मान डोलावण्याआधी एवढे विचारा: त्या माणसाला कोणी पुढे जाऊ दिले होते का?