पाहिलेलं आणि धरून चाललेलं

सुनेनं तत्त्वज्ञानात एम. ए. केलंय हे कळलं, तेव्हाच मी मुलाला विचारलं होतं, ही माझ्या लाँड्रीत काय दिवे लावणार? तो हसला. त्याला काय, त्याला ती आवडली होती. इथे मात्र तिला साधं "शर्ट झाला का" विचारलं, तरी झाला म्हणजे नक्की काय, हे आधी ठरवायचं असायचं. डोक्याला नुसता ताप.

मंगळवारी वकीलसाहेबांचा पांढरा शर्ट परत आला. पाठीवर इस्त्रीचा तांबूस डाग. मी तणतणत आत गेले आणि इस्त्रीवाल्या काकांना सांगून टाकलं, उद्यापासून येऊ नका. वीस वर्षं आहेत ते माझ्याकडे, पण हल्ली नजर अधू झालीय, मागच्या महिन्यात एक पडदा जाळलाच होता. काका आपला डबा पिशवीत भरायला लागले.

सुनेनं एका कोऱ्या पावतीच्या पाठीवर मधोमध रेघ मारली. एकीकडे पाहिलेलं, दुसरीकडे धरून चाललेलं. म्हणाली, सांगा एकेक. मी धडाधड सांगितलं. पडदा गेला पाहिलेल्यात. शर्ट काकांनी जाळला हे मात्र ती तिथे लिहीना.

"आई, हा शर्ट काका करत होते, ते कुणी पाहिलं?"

"पाहायचं काय त्यात? इस्त्री तेच करतात."

"रोज?"

रोजच, म्हणायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. शर्ट गेला शनिवारी. शनिवारी काका दाढ काढायला गेले होते. वकीलसाहेबांचा माणूस काउंटरवर घाई करत होता, आणि मी कानाला फोन लावून, बहिणीची गाऱ्हाणी ऐकत ऐकत, त्या शर्टावर इस्त्री फिरवली होती.

काका दारापर्यंत पोचले होते. मी धावत जाऊन त्यांची पिशवी धरली आणि सगळं सांगितलं. म्हटलं, शनिवारी तुम्ही इथे नव्हतातच, मग बोलला का नाहीत?

"तुम्ही इतक्या खात्रीनं सांगितलंत," ते म्हणाले, "मला वाटलं, जाळला असेल मीच."

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्यांची पिशवी मीच आत नेऊन खुंटीला अडकवली.

तो कागद आता इस्त्रीच्या टेबलासमोर चिकटवलाय. सुनेला मी अजून शाबासकी दिलेली नाही, उगाच डोक्यावर बसेल. पण संध्याकाळी तिला विचारलं, शर्ट झाले का, आणि ती म्हणाली, "झाले म्हणजे..." तेव्हा मी स्टूल ओढलं आणि ऐकत बसले.