बघायला ठेवलेला लॅपटॉप

मी एक जुना लॅपटॉप आहे. पण मित्रांनो, आजवर मी कोणाचाच झालो नाही. मालाडच्या एका दुकानात दीड वर्ष मी टेबलावर उघडाच आहे. कोणी पळवू नये म्हणून मला तारेने बांधलं आहे. कोणीतरी पळवलं असतं तर बरं झालं असतं, असं कधीकधी वाटतं.

नव्याचे नऊ दिवस माझेही झाले. लोक माझा स्क्रीन पाहून 'झकास' म्हणत. कोणी बॅटरीची चौकशी करी, कोणी शेजारच्या चंदेरी लॅपटॉपशी माझी तुलना करी आणि माझ्या किमतीच्या पाटीचा फोटो काढून निघून जाई. मला मात्र एक घर हवं होतं. काम संपल्यावर माझं झाकण मिटणारं कोणीतरी हवं होतं.

मग चारकोपची संघमित्रा आली. नुकतीच कॉलेजात गेलेली. सोबत तिचे वडील भीमराज. सलग तीन रविवार ते आले. ती माझ्यावर आपलं नाव टाइप करायची, मग चंदेरीवर करायची. माहितीचे कागद वाचून तिचा गोंधळ वाढतच होता. भीमराज कारखान्यात फिटर. तिसऱ्या रविवारी त्यांनी कागद बाजूला ठेवले, आम्हा दोघांची झाकणं वीस-वीस वेळा उघडमीट केली आणि बिजागरीला कान लावला.

"ह्या चंदेरीची बिजागरी ढिली झालीय. वर्षभरात मान टाकेल बघ," ते म्हणाले. "आणि हा? एवढ्या लोकांनी हाताळला तरी टाईट आहे. हाच घे, संघा."

हाच! आनंदाने मला काही सुचेना.

"मॉडेल जुनं आहे काका. सीलपॅक पीस उरलाय का बघतो," म्हणत विक्रेता सुशांत आत गेला. खोका नसता तर मलाच द्यावं लागलं असतं. नसू दे, नसू दे, असं मी म्हणत राहिलो. सुशांत बाहेर आला तो धुळीने माखलेला शेवटचा खोका घेऊन.

"सील आमच्यासमोर फोडा हां," भीमराज म्हणाले.

"पप्पा, पण आपण तर हा चेक केला ना?" संघमित्राने माझ्याकडे बोट दाखवलं.

"अगं, तो डिस्प्लेचा. शंभर लोकांचे हात लागलेत त्याला. तुला नवा कोरा मिळतोय ना!"

ज्या हातांमुळे मी पसंत पडलो, त्याच हातांमुळे मागे राहिलो. मला फार वाईट वाटलं.

निघताना संघमित्राने माझ्यावरचं आपलं नाव पुसलं आणि हलकेच माझं झाकण मिटलं. आत किती शांत वाटलं!

"ओ मॅडम, उघडाच राहू दे तो," म्हणत सुशांतने मला लगेच उघडलं.

मित्रांनो, आम्हाला खुशाल हाताळा, आम्ही त्यासाठीच आहोत. फक्त कळा हळू दाबा, आणि ज्याच्यावर पारखून निवड केलीत, जाताना एकदा त्याच्याकडे वळून बघा. माझ्या मॉडेलचे खोके आता संपले आहेत. तुमच्यापैकी कोणी आलंच, तर माझी बिजागरी अजून घट्ट आहे.