बाईंनी बदललेला शेवट

बाईंनी आपलं लहानपणीचं आवडतं, हत्तीच्या पिल्लाचं पुस्तक तिसरीच्या वर्गाला रोज थोडं थोडं वाचून दाखवलं. शेवटी पिल्लू मरतं. पण मुलांचे चेहरे पाहून बाईंचा धीर सुटला आणि त्यांनी पिल्लाला सुखरूप आईजवळ पोहोचवलं. वर्गाने टाळ्या पिटल्या.

एरवी पुस्तकाकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या एका मुलीने ते घरी मागून नेलं. दुसऱ्या दिवशी ती रडून लाल झालेले डोळे घेऊनच आली.

"बाई, तुम्ही खोटं वाचलंत."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलंच गं माझं," त्या कशाबशा म्हणाल्या.

"दुसरं पुस्तक द्या," मुलगी म्हणाली, "पण आता माझं मीच वाचणार."

बाईंनी मान खाली घालून कपाट उघडलं.