उठा, ठमाबाई

ठमाची झोप अशी, की कुंभकर्णानेही हात जोडावेत. घड्याळ बोंबलून बोंबलून दमायचं, शेजारच्या काकू भिंतीवर थापा मारायच्या, आणि ही पांघरुणात ढिम्म. तिला उठवण्याची कला त्रिभुवनात एकट्या आईला जमायची. आणि आई अंतराळवीर असल्यामुळे शेवटचे काही महिने ती कला तिने त्रिभुवनाच्या बाहेरून चालवली. रोज सकाळी बाबांच्या फोनवर वरून आईचा निरोप यायचा. बाबा एका हाताने दाढीचा साबण सावरत दुसऱ्या हाताने फोन ठमाच्या कानाशी धरायचे.

"उठा, ठमाबाई! इथे दिवसाला सोळा सूर्य उगवतात... तुम्ही तिथे निदान एक तरी बघा!"

हा शेवटचा निरोप. 'उगवतात'नंतर आई क्षणभर थांबलेली होती. हसू आलं की ती अशी थांबायची, हसू गिळायची आणि मग पुढे बोलायची. त्या थांबण्यात मागची घरघर ऐकू यायची, यानात हवा खेळती ठेवणाऱ्या पंख्यांची. आणि घरघरीच्याही मागे कुणीतरी बारीक खाकरायचं. कोण ते ठमाला शेवटपर्यंत कळलं नाही. आईच्या चार सोबत्यांपैकी कुणीतरी.

दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर यान जळालं. पाचही जण गेले. दहन करायलासुद्धा काही हाती आलं नाही. जे जळायचं ते वरच जळून गेलं होतं. घरात उरला तो फोनमधला आवाज. बाबा रोज सकाळी तोच निरोप लावायचे आणि ठमा त्यावरच उठायची. दोघांपैकी कुणी त्याबद्दल कधी अवाक्षर बोललं नाही. दात घासण्याबद्दल कोण बोलतं?

याला दीड वर्ष झालं. ठमा पंधराची झाली आणि तिला कंठ फुटला. आधी वर्गात उत्तर येत असूनही बाकाखाली बघणारी मुलगी, ती शाळेच्या वादविवादात अशी काही गरजली की परीक्षकांनी चष्मे पुसले. आता घरातही ती प्रत्येक वाक्य मुद्दा क्रमांक एक असल्यासारखं बोलायची. अशातच त्या मालिकेच्या लोकांचा फोन आला.

मालिका सगळ्यांना ठाऊक असलेलीच. एक जुनाट यान, त्यातला विक्षिप्त कप्तान, झोपाळू स्वयंपाकी, आणि दर आठवड्याला नवा ग्रह. आई ती न चुकता बघायची आणि बघताना न चुकता नावं ठेवायची. "अरे, यान वळलं की सूंऽऽ काय? बाहेर हवा नाही, सूं कुठून येणार, कप्तानाच्या नाकातून?" आणि जाहिराती लागल्या की तीच ओरडायची, "ठमे, लवकर ये, सुरू होईल!"

आता मालिकावाल्यांना गेलेल्या पाच जणांना एक भाग अर्पण करायचा होता. त्यात यानातल्या सगळ्यांना जागं करणारा आवाज म्हणून आईचा तो निरोप हवा होता.

"नको गं," बाबा म्हणाले. त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. कुठलाही कठीण विषय निघाला की ते डोळ्यांवरचा चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसायला घेत. "ते आपलं घरातलं आहे."

"बाबा, घरात ठेवून काय लोणचं घालायचंय? पुतळा उभारतील, त्यावर कावळे बसतील. ही मालिका घराघरांत बघतात. आईला सगळे ऐकतील. तुम्हाला नकोय का ते?"

बाबांनी चष्मा पुसून पुसून काच झिजायची वेळ आणली. मग म्हणाले, "ती असती तर हो म्हणाली असती. मिरवायची हौस होतीच तिला." आणि हसले. कितीतरी दिवसांनी. ठमाला वाटलं, आपण स्पर्धा जिंकलो.

स्टुडिओतली ती खोली म्हणजे अंड्यांच्या क्रेटमध्ये बसल्यासारखी होती; चारी भिंतींना उंचसखल स्पंज लावलेला. ध्वनिमुद्रक काका गोल पोटाचे आणि मायाळू. त्यांनी आईचा आवाज पडद्यावर उलगडला. डोंगर, दरी, डोंगर. दरीच्या तळाशी एक बारीक केसाळ रेघ.

"ही घरघर काढतो हं."

"ती पंख्यांची आहे, काका. यानातल्या."

"असेल गं बाळा, पण लोकांना वाटेल टीव्ही बिघडलाय." त्यांनी बोट हलवलं. केसाळ रेघ गेली. खाकरणंही गेलं. आई एकदम स्वच्छ झाली, शेजारच्या खोलीतून बोलावी तशी. ठमा म्हणाली, "भारी वाटतंय!" आणि तेव्हा तिला खरंच भारी वाटलं होतं.

तो भाग लागला तेव्हा शेजारच्या काकूही घरी येऊन बसल्या. पडद्यावर काळोख, पाच नावं, मग आईचा आवाज, आणि खिडक्यांमधून उजेड आत शिरणारं यान. काकू हुंदके देत होत्या. बाबांनी ठमाचा हात इतका घट्ट धरला की बोटं पांढरी पडली. दुसऱ्या दिवशी शाळेत बाई तिला जवळ घेऊन रडल्या. ठमाचे पाय जमिनीवर टेकत नव्हते.

लोकांना तो आवाज फार आवडला. तिथेच घात झाला.

दोन आठवड्यांनी मालिकेतला झोपाळू स्वयंपाकी घोरत पडलेला दाखवला. "उठा, ठमाबाई! इथे दिवसाला सोळा सूर्य उगवतात..." स्वयंपाकी दचकून पातेल्यात पडला. मागे हशा पिकला, तो मालिकांमधला, आधीच भरून ठेवलेला डब्यातला हशा, बरोब्बर आई थांबली होती त्या जागेवर. "तुम्ही तिथे निदान एक तरी बघा!" पुन्हा हशा.

ठमाही हसली. बाबांकडे पाहून थांबली.

मग दर आठवड्याला तेच. स्वयंपाकी कधी पातेल्यात, कधी पिठात, कधी कप्तानाच्या अंगावर. वर्गात कुणी जांभई दिली की मागच्या बाकावरून "उठाऽऽ, ठमाबाई!" सुरुवातीला तिच्यासमोर कुणी म्हणायचं नाही. मग एकदा तिची जिवलग मैत्रीणच बोलून गेली आणि जीभ चावून म्हणाली, "सॉरी गं, तोंडात बसलंय." ठमाने "असू दे" म्हटलं. 

सकाळी निरोप लावणं बाबांनी केव्हातरी बंद केलं. ते आता नुसती पांघरुणावर टिचकी मारायचे.

एका शनिवारी ती दुकानात बसली होती. बाबा एका बाईंच्या डोळ्यांवर चाचणीची जड फ्रेम चढवून भिंग बदलत होते. "आता बघा. आधीचं बरं, की हे?" बाईंच्या पिशवीत फोन वाजला. उठा, ठमाबाई. हशा. बाईंनी फोन शोधेपर्यंत दोनदा वाजला.

"आमच्या घरात सगळे यावरच उठतात हो!" बाई हसत म्हणाल्या. "काय गोड आवाज आहे ना? कोण नटी आहे कुणास ठाऊक."

बाबांच्या चिमटीत भिंग होतं. ते त्यांनी हळूच फ्रेममध्ये बसवलं.

"शेवटून दुसरी ओळ वाचा," ते म्हणाले.

ठमा तडक उठली आणि तिने स्टुडिओ गाठला. रस्ताभर तिने मुद्दे जुळवले होते. ध्वनिमुद्रक काकांना पाहिल्यावर एवढंच निघालं, "काका, बंद करा ना."

काकांचा चेहरा पडला. "अगं, आम्हाला वाटलं तुम्ही खूश असाल. लोक तिला विसरू शकणार नाहीत आता."

"लोकांना ती माहीतच नाही, काका. त्यांना ती स्वयंपाक्याचं घड्याळ वाटते."

 काकांनी मालिकेच्या लेखकांना फोन केला, वाद घातला, आणि पुढच्या भागापासून तो आवाज येणार नाही असं कबूल करून घेतलं. माणूस भला होता. "पण लोकांच्या फोनमध्ये गेलंय ते," ते म्हणाले, "ते माझ्या हातात नाही गं." आणि मग तिची समजूत काढायला, "मूळ निरोप तुमच्याकडे आहे ना? जसाच्या तसा? मग झालं तर! त्याला कोण हात लावतंय?"

खरंच की! ठमा पळतच घरी आली. घरघर, खाकरणं, सगळं आहे. कुणी नेलेलं नाही. "बाबा, उद्या सकाळी लावा," ती म्हणाली. "आपला, खरा." बाबांनी मान डोलावली. जेवताना दोघंही बऱ्याच दिवसांनी बडबडले.

सकाळी ती बाबा यायच्या आधीच जागी होती, तरी डोळे घट्ट मिटून पडून राहिली. बाबांच्या गालावरच्या साबणाचा वास आला. फोन कानाशी आला. घरघर सुरू झाली, ओळखीची, मायेची.

"उठा, ठमाबाई! इथे दिवसाला सोळा सूर्य उगवतात..."

आणि हशा पिकला.

फोनमध्ये नव्हता. फोनमध्ये नुसती घरघर होती आणि कुणीतरी खाकरत होतं. हशा ठमाच्या कानांनीच भरला, बरोब्बर त्या जागेवर. तिने डोळे उघडले. बाबांनी त्याच क्षणी मान किंचित खाली घातली होती, डोक्यावरून काही जाणार असेल तर घालतात तशी.

"...तुम्ही तिथे निदान एक तरी बघा!"

"पुन्हा लावू?" बाबांनी विचारलं.

"लावा."

त्यांनी पुन्हा लावला. ठमाने जीव कानात गोळा केला, फक्त खाकरण्यावर, फक्त त्यावर. हशा आला. तिसऱ्यांदा लावला. तिसऱ्यांदाही आला. चौथ्यांदा लावायला बाबांचं बोट पुढे झालं आणि तसंच राहिलं. गालावरचा साबण वाळून त्याचे पापुद्रे निघायला लागले होते.

"तुम्हालाही येतो?" ठमाने विचारलं.

बाबांनी चष्म्यासाठी हात वर नेला. चष्मा डोळ्यांवर नव्हताच. हात तसाच खाली आला.

"ऊठ," ते म्हणाले. "शाळेला उशीर होईल."